श्वासावरचा क्यू
आज दिवसभर टेक रिहर्सल, म्हणजे प्रकाश-ध्वनीची तांत्रिक तालीम; माझ्याकडे प्रकाश. त्यातले तीन तास एकाच संथ गाण्यावर गेले, आणि जायलाच हवे होते.

एलईडी दिवा मंद करत नेला की शेवटच्या काही टक्क्यांत झटकन विझतो. जुन्या हॅलोजनची तार कशी लालसर होत हळूहळू मालवायची! तेच हवं होतं मला. म्हणून डिमिंगचा कर्व्ह, म्हणजे दिवा मंद होत जाण्याची चाल, बदलला, विझता विझता रंग हॅलोजनसारख्या उबदार पांढऱ्यावरून (३२०० केल्व्हिन) खाली अंबरकडे, म्हणजे पिवळसर केशरीकडे नेला. क्यू, म्हणजे प्रकाश बदलायची खूण, गाण्यातल्या शब्दावरून काढून गायिकेच्या श्वासावर ठेवला. समोरचा प्रकाश जवळजवळ बंद, फक्त बाजूने आणि मागून. चेहरा अर्धा अंधारात गेला, पण आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

गाणं संपलं तरी विंगेतलं कुणी हललं नाही. हेडसेटवरही शांतता. अजून अंगावर काटा आहे.