आमची वाटचाल: मुंबईत काय खायचं ते नंतर, किती वाजता ते आधी

आमच्याकडे फोन येतो तो साधारण असा, "ताई आम्ही शुक्रवारी रात्री उतरतोय, रविवारी संध्याकाळची गाडी आहे, माझ्याकडे वीस-बावीस हॉटेलांची लिस्ट आहे, सगळी होतील ना?" नाही होणार. हे मी आता पहिल्याच फोनवर सांगून टाकते, बुकिंग गेलं तर गेलं. बाहेरगावाहून मुंबईत खाण्यासाठी म्हणून येणाऱ्या लोकांना पायी फिरवायचं, चार ठिकाणी बसवून खायला घालायचं आणि ते सगळं मराठीत, हा आमचा धंदा. मी, माझा धाकटा दीर आणि शनिवार-रविवारी मदतीला येणारी दोन कॉलेजची मुलं, बस एवढीच कंपनी. ऑफिस वगैरे नाही, गिरगावातल्या घरातलं जेवायचं टेबल हेच ऑफिस, आणि सासूबाईंना भाजी निवडायची असली की तेही बंद.

मी आधी फोर्टमध्ये एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. पुण्याचे, नागपूरचे, अमेरिकेतून आलेले लोक तिकीट हातात पडलं की हळूच विचारायचे, मॅडम इथे जवळपास चांगलं कुठे मिळतं हो? मी गिरगावातच वाढलेली, मला काय, कागद घ्यायचा आणि लिहून द्यायचं. मग तीच माणसं पुढच्या वेळी येऊन सांगायची की धोबीतलावच्या क्यानीला, त्या इराणी हॉटेलात, जाऊन आलो पण एवढं काही विशेष नाही वाटलं. मी विचारायचे किती वाजता गेला होतात? दुपारी दीड वाजता, भूक लागली होती म्हणून! अहो दीड वाजता कडकडून भूक लागल्यावर इराण्याकडे जाऊन काय होणार, इराणी म्हणजे सकाळचं काम, पाव ताजा आलेला असतो, मस्का मऊ असतो, कडक ब्रून पाव चहात बुडवला की कडा विरघळतात आणि मधला भाग तसाच राहतो, तेव्हा खायचं ते. आणि ज्याला दीड वाजता जेवायचंय त्याने दहा-पंधरा मिनिटं टॅक्सीत बसून बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया हॉटेलात जावं. असं दहा जणांशी बोलून झाल्यावर लक्षात आलं की लोकांकडे नावं भरपूर आहेत, फक्त घड्याळ नाहीये. आमचा पूरा धंदा ह्या एका गोष्टीवर उभा आहे, बाकी सगळं चालणं आणि पाणी पिणं.

पहिली फेरी बसवली ती सकाळची, ग्रँट रोड ते धोबीतलाव. सुरुवात ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानला, १९१४ पासूनची बेकरी, तिथला मावा केक सकाळी लवकर गेलात तर मिळतो नाहीतर रिकामे ट्रे बघून परत. पाहुण्यांना आधी हे खरं वाटत नाही, केकसाठी कोण सकाळी सकाळी उठतं, पण तो कागदात चिकटलेला गरम केक हातात आला की गप्प होतात. (मला स्वतःला तो कागदाला चिकटलेला भाग जास्त आवडतो, कागद चाटायची लाज वाटत नाही अशांनीच आमच्याबरोबर यावं.) तिथून चालत खोताची वाडी, मग ठाकुरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ, आणि शेवट धोबीतलावला क्यानी, मेट्रो सिनेमाच्या समोर, १९०४ सालचं. इराणी हॉटेलं नेहमी नाक्यावर का असतात हे तिथे बसून सांगायला मजा येते, कोपऱ्याची जागा अपशकुनी म्हणून आपले लोक दुकान थाटायला कचरायचे आणि इराण्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांना दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक मिळालं, असं जुने लोक सांगतात. क्यानीत मी अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, आणि खीमा-पाव मागवते, सगळ्यांत वाटून. एकाने एक प्लेट असा हिशेब केला की फेरी तिथेच संपली समजा.

खोताच्या वाडीत शिरलं की वयाने मोठे पाहुणे हमखास विचारतात, अनंताश्रम कुठे? बंद झालं हो, कधीच. तिथली माशाची थाळी आणि तिथला तो कडक कारभार, जास्त बोलायचं नाही, पटापट जेवा आणि उठा, ह्याच्या आठवणी लोक नाशिक-कोल्हापूरहून घेऊन येतात. जे हॉटेल बंद आहे ते आमच्या फेरीत सगळ्यात जास्त विचारलं जातं, आता बोला.

दादरची फेरी दिराने बसवली, तो तिथेच कॉलेजला होता. ही दुपारी चारनंतरची. प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पियुष, मग शिवसेना भवनासमोर आस्वाद, आणि सर्वात शेवटी कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव, तो तळलेल्या पिठाचा चुरा घातलेला. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहब अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश म्हणून बक्षीस मिळालं, तेव्हापासून दारातल्या माणसाला नाव सांगून बाहेर उभं राहायची तयारी ठेवावीच लागते. आता कोल्हापूरचा पाहुणा असला की इथे हमखास वाद. एक काका पहिला घास घेऊन म्हणाले "ही उसळ आहे, मिसळ कुठाय?" आम्ही वाद घालत नाही. मुंबईची मिसळ थोडी गोडसर, कमी तिखट, ऑफिसला जाणाऱ्या माणसाने खाऊन दिवसभर काम करायची मिसळ आहे, कोल्हापुरी कट पिऊन कोणी लोकल पकडू शकत नाही असं दीर म्हणतो आणि काका हसतात आणि मग थालीपीठ मागवतात. माझं खरं मत विचाराल तर आस्वादला मिसळीपेक्षा थालीपीठच मागवा. आणि वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं मानतात, तो अशोक वेगळा आणि कीर्ती कॉलेजचा वेगळा, हे आम्हाला प्रत्येक फेरीत सांगावं लागतं कारण अर्ध्या लोकांनी दोन्ही एकच समजून फोटोखाली लिहिलेलं असतं.

ब्रिटानियाबद्दल थोडं जास्त सांगते कारण ते एकच हॉटेल असं आहे जिथे आम्ही फेरी नाही करत, थेट जेवायला नेतो आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवत नाही. १९२३ चं हॉटेल, फक्त दुपारी उघडं. बेरी पुलाव मागवायचा, त्यातली ती आंबट लाल बेरी म्हणजे जरिश्क, इराणहून येते, आणि ती रेसिपी हॉटेलचे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणमध्ये राहत असताना शिकून आणलेली. बोमनजी स्वतः टेबलाटेबलावर फिरायचे, ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राणीचं कौतुक सांगायचे, २०१६ मध्ये राणीचा नातू विल्यम आणि त्याची बायको केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये जाऊन भेटलेसुद्धा. २०१९ मध्ये ते गेले. आमचे जुने पाहुणे परत आले की अजून त्यांचीच खुर्ची शोधतात. सोबत सल्ली बोटी, म्हणजे वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं मटण, वर कॅरमल कस्टर्ड, आणि रास्पबेरी सोडा, तो गोडमिट्ट असतो, एकच घ्या आणि चौघांत प्या.

आता माशाचं. मालवणी-गोमंतकी जेवणाला लोक सगळ्यात जास्त उत्सुक असतात आणि नेमके मे-जूनच्या सुट्टीत येतात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. हॉटेलं चालू असतात, पापलेट-सुरमईही मिळते, पण ती बहुतेक बर्फातली. म्हणून त्या दोन महिन्यांत मी सुरमईच्या थाळीसाठी कोणाला घेऊन जात नाही, हवं तर कोंबडी-वडे खा, सुका जवळा खा, सोलकढी प्या. पैसे देणाऱ्या माणसाला नको म्हणणं सुरुवातीला जड जायचं, दीर तर म्हणायचा वहिनी तुम्ही गिऱ्हाईक पळवून लावणार. पण तेच लोक नारळी पौर्णिमेनंतर फोन करतात. मग दादरला सिंधुदुर्ग किंवा बांद्रा पूर्वेला हायवे गोमांतक, जिथे रांग कमी असेल तिथे. बोंबील फ्राय आधी सांगायचे, ते यायला वेळ लागतो आणि आले की लगेच खायचे, फोटो काढत बसलात की मऊ पडतात. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सोडू नका. हायवे गोमांतकला तिरफळ घातलेला बांगडा मिळाला तर तोही.

२०२० च्या मार्चनंतर सगळं ठप्प. फिरायचं कोणाला आणि खायचं कुठे. आम्ही गिरगावातल्या आमच्याच आसपासच्या बिल्डिंगींत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे द्यायला लागलो, सासूबाई आमटी-भाजी करायच्या, मी पोळ्या, दीर पोचवायचा. तेव्हा सासूबाई सांगायच्या त्यांच्या आत्याची लालबागला खाणावळ होती, गिरणी कामगारांची, दोन पाळ्यांतली माणसं जेवायला. अशा हजारो बायका होत्या गिरणगावात, ज्यांच्याकडे ना बोर्ड ना लायसन्स, आणि त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणजे त्या बायकांना सावकाराकडे न जाता बँकेचं कर्ज मिळावं. मग १९८२ चा गिरणी संप झाला आणि जेवायला येणारा माणूसच गावाला निघून गेला. आता आमच्या दादरच्या फेरीत हे सगळं सांगितल्याशिवाय मी कोणाला थाळीला हात लावू देत नाही, कारण मुंबईतलं घरगुती मराठी जेवण विकत मिळायला लागलं ते ह्या बायकांमुळे आणि कुठल्याच लिस्टमध्ये त्यांचं नाव नसतं. डबे आम्ही अजून चालू ठेवलेत, थोडेच, त्यात नफा नाही पण बंद करवत नाही.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन गोष्टींनी आम्हाला टिकवलं. एक, हॉटेलवाल्यांकडून कमिशन घ्यायचं नाही. सुरुवातीला एका हॉटेलमालकाने स्वतःहून देऊ केलं होतं, डोक्यामागे इतके देतो, सगळी पार्टी माझ्याकडे आण. जेवण ठीकच होतं, वाईट नव्हतं, पण एकदा घेतलं की मग मला तिथे न्यायलाच लागणार, पावसात, गर्दीत, तेल जुनं झालेलं असलं तरी. दुसरं, सहाच्या वर माणसं घ्यायची नाहीत. जुन्या हॉटेलांना मोठा ग्रुप परवडत नाही, त्यांचा धंदा टेबल पटापट रिकामं होण्यावर आहे, दहा माणसं येऊन दोन मिसळी मागवून तासभर इतिहास ऐकत बसली तर मालक तोंडावर काही बोलत नाही पण वेटर पुसायचं फडकं घेऊन बाजूला येऊन उभा राहतो. म्हणून इतिहास रस्त्यावर, हॉटेलात फक्त खाणं. बुकिंग साइटवाले मागे लागतात ग्रुप साइज वाढवा, रेट कमी करा म्हणून, त्यांना आम्ही नमस्कार केला. आमचे बहुतेक पाहुणे कोणीतरी कोणाला सांगून येतात.

मेट्रो तीनच्या कामात गिरगाव वर्षानुवर्षं पत्र्यांनी झाकलेलं होतं, फेरी म्हणजे पत्र्यांच्या कडेकडेने एकेरी रांग, धूळ, आणि पाहुणे विचारायचे हेच का ते तुमचं गिरगाव. आता ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण लाइन चालू झालीये, विमानतळावरून बसलं की गिरगावलाच उतरायचं, दादरही त्याच लाइनवर. त्यामुळे ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांची सकाळ गिरगाव आणि संध्याकाळ दादर अशी जोडी आता जमते, आधी टॅक्सीतच जीव जायचा. मधल्या वेळात झोपा. खरंच सांगते, मी पाहुण्यांना दुपारी रूमवर पाठवते.

नवीन म्हणजे माटुंगा. इंग्रजांच्या काळातल्या प्लेगच्या साथीनंतर शहर सुधारायला नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा वसवलं आणि दक्षिणेकडची माणसं तिथे राहायला आली, त्यांच्यासाठी आधी जेवणाची बोर्डिंगं आली आणि मग आपण सगळे तिथे डोसा खायला जायला लागलो. कॅफे मद्रास १९४० चं, तिथे रसम-इडली आणि नाचणीचा डोसा, आणि स्टेशनबाहेर पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं, केळीच्या पानावरचं जेवण. दोन्ही एका दिवशी नका करू, पोट एकच आहे. दोन्ही सोमवारी बंद, आणि रविवारी कॅफे मद्रासबाहेर एवढी रांग असते की आम्ही ही फेरी फक्त मंगळवार ते शुक्रवार ठेवलीये. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडची फेरी करा म्हणून खूप लोक मागे लागतात, ती मात्र आम्ही करत नाही, त्या गर्दीत सहा माणसं सांभाळणं माझ्याच्याने होत नाही, तुम्ही आपलं आपण जा, सुलेमान उस्मानकडे मालपुवा आणि फिरनी खा आणि चपला घट्ट घालून जा.

बुकिंग करताना एवढं सांगा: उपास कधी आहे, मासे खाता का, आणि गुडघे कसे आहेत. आणि कृपा करून सकाळच्या फेरीला राहत्या हॉटेलातला तो फुकटचा नाश्ता करून येऊ नका, पैसे भरलेत म्हणून लोक तो सोडत नाहीत आणि मग आमच्याकडे दुसऱ्याच स्टॉपला हात टेकतात.