डॉसन सिटीला मुक्काम? आधी नदी ओलांडा, मग झोपा

कॅल्गरीहून मोटरहोम घेऊन अलास्काला निघणाऱ्या मंडळींना पहिलं सांगणं हे, की डॉसन सिटीत, म्हणजे कॅनडाच्या युकॉन प्रांतातल्या नदीकाठच्या या गावी, गावाच्या बाजूला रात्र काढू नका. आम्हाला तिथल्या आरव्ही पार्कने फोनवर 'फुल हुकअप', म्हणजे जागेवरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, असं ठासून सांगितलं होतं. पोचलो तर नुसतं खडीचं मैदान आणि शेजारच्याचं स्लाइड-आउट (मोटरहोमचा बाहेर सरकणारा भाग) आमच्या दारापासून हातभर. विजेचा खांब १५ अँपियरचा. भाताचा कुकर लावून किटली चालू केली की ब्रेकर पडलाच. सांडपाण्याची जोडणी नाहीच, डम्पचे, म्हणजे सांडपाण्याची टाकी रिकामी करायचे, पैसे वेगळे, पाण्याची टाकी भरायचे वेगळे. आंघोळीला यंत्रात नाणी टाकायची आणि डोक्याला शाम्पू असताना पाणी बंद! काउंटरवर जाब विचारला तर म्हणे, "इथे सगळं लांबून येतं." अहो, युकॉन नदी समोरून वाहतेय की!

व्हाइटहॉर्सपासूनचा ५३० किलोमीटरचा रस्ता बरा आहे. पर्माफ्रॉस्टमुळे, म्हणजे खालच्या कायम गोठलेल्या जमिनीमुळे, रस्त्याला मध्येच लाटा येतात, तिथे वेग कमी करा, नाहीतर कपाटातली भांडी खाली. युकॉन नदीतला फाइव्ह फिंगर रॅपिड्स हा खळाळ वाटेतच आहे, बघून घ्या.

खरं घोडं अडतं ते फेरीबोटीवर. डॉसनला नदीवर पूल नाही. 'जॉर्ज ब्लॅक' फेरी उन्हाळ्यात रात्रंदिवस चालते आणि फुकट आहे. फुकट म्हणून सगळे खूश, पण एका खेपेत मोटरहोम मावतात किती? मोठ्या गाड्यांची रांग वेगळी लागते आणि छोट्या गाड्या भराभर पुढे जातात. आम्ही नाश्ता करून रांगेत लागलो आणि दुपारचं जेवण रांगेतच उरकलं. चढायचा उतार खडीचा आहे, मागचा भाग लांब असेल तर घासतो. आमच्या हिचने (मागच्या जोडणीच्या लोखंडी हुकने) खडीत चांगली चर पाडली. बुधवारी पहाटे ५ ते ७ फेरी देखभालीसाठी बंद असते, तेही लक्षात ठेवा.

म्हणून गावात डम्प करा, पाणी आणि डिझेल भरा, आणि रात्री उशिरा गाडी पलीकडे न्या. जूनमध्ये अंधार पडतच नाही, त्यामुळे भीती नाही. पलीकडे उतरल्या उतरल्या सरकारी कॅम्पग्राउंड आहे. वीज नाही, आंघोळ नाही, पण झाडी आहे, शांतता आहे आणि जळाऊ लाकूड भाड्यातच मिळतं. अन्न बाहेर ठेवू नका, अस्वलं आहेत. खिडक्यांना आतून फॉइल लावा, त्याशिवाय झोप अशक्य. गाव बघायला सकाळी फेरीतून चालत परत जा, पायी जाणाऱ्यांना रांग नाही.

गावात लाकडी फूटपाथ आणि जमीन वितळून एकमेकांवर कललेली जुनी घरं आवर्जून बघा. माणसाचं वाळवलेलं पायाचं बोट घालून देतात ती दारू चक्क टाळा, निव्वळ तमाशा आहे. गावामागच्या मिडनाइट डोम टेकडीवर मोटरहोम नेऊ नका, चढ खडा आहे.

पुढचा 'टॉप ऑफ द वर्ल्ड' हायवे कोरडा असेल तरच काढा. पाऊस झाला की नुसता राडा होतो आणि कडेला कठडा नाही. भाड्याची गाडी असेल तर करारात या रस्त्याला मनाई नाही ना, ते आधी वाचा. अमेरिकेची सीमा सुमारे १०५ किलोमीटरवर. ती अलास्काच्या वेळेने सकाळी ८ ते रात्री ८ उघडी, म्हणजे युकॉनच्या घड्याळात ९ ते ९. फेरीच्या रांगेत दिवस गेला तर रात्र डोंगरावर. आम्ही कसेबसे पोचलो, त्या शेवटच्या तासात गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. पुढचं इंधन थेट चिकन गावी, डॉसनपासून सुमारे १७० किलोमीटर. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि फ्रिजमधली लिंबं नि कढीपत्ता सीमेच्या अलीकडेच संपवा.