तांबड्या रेघेखालचं नाव

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर वर्षी सभासदांची यादी नव्यानं होते. वर्गणी थकली, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला) बरेच महिने हजेरी नाही, की नावावर तांबड्या शाईची रेघ. पाळक म्हणून शेवटची सही माझी. खानापूर तालुक्यातली ही छोटी मराठी मंडळी. रेघेखालचं प्रत्येक नाव म्हणजे माझ्या ओळखीचं एक घर.

यंदा बैठक चालू असतानाच एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला नेतो. त्याचा रविवार रस्त्यातच जातो. त्याच्या नावावर रेघ पडली होती. बाई भांडायला आल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "पास्टरसाहेब, यादीतनं नाव काढलासा, असू दे. देवाच्या वहीतनंबी गेलं काय ओ?"

कमिटीतलं कुणी बोलेना. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, "नाही, बाई. ती वही आमच्या हातात नाही."

नुसता धीर द्यायला मी हे बोललो नव्हतो. अदृश्य मंडळीची शिकवण हीच आहे. सगळ्या काळांतले, सगळ्या देशांतले, जिवंत आणि प्रभूत निजलेले, म्हणजे वारलेले, खरे विश्वासणारे मिळून ती मंडळी होते, आणि त्यात कोण आहे ते फक्त देवाला ठाऊक. (आमचे कॅथलिक शेजारी दृश्य आणि अदृश्य अशी फारकत मानत नाहीत.) जुन्या काळी उत्तर आफ्रिकेत डोनाटस नावाच्या बिशपच्या अनुयायांनी शुद्धांच्याच मंडळीचा आग्रह धरला, तेव्हा तिथल्याच ऑगस्टीन या बिशपनं त्यांना बजावलं होतं की बाहेर दिसणारे कितीतरी आत आहेत आणि आत दिसणारे कितीतरी बाहेर. येशूच्या दाखल्यातले गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकाच शेतात वाढायचे. 'आत दिसणारे कितीतरी बाहेर' हा भाग मला जास्त टोचतो. रेघ नसलेल्या नावांचीही खात्री यादी देत नाही, माझ्या स्वतःच्या नावाचीसुद्धा.

कमिटीतल्या एका वडिलांना (मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांना) हे पटेना. "मग देवळात यायची गरजच काय राहिली?" त्यांचा प्रश्न रास्त होता. ही शिकवण घरी बसायची सवलत नव्हे. दृश्य मंडळीला, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चर्चला, प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन विश्वासणाऱ्यांची आई म्हणतो. मात्र कुणाला आपलं मानायचं ते प्रीतीनं ठरवा, असंही तोच सांगतो. माणसाची कबुली, वागणूक आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन या संस्कारांतला सहभाग बघा, काळजात शिरू नका. आपल्या मराठीत नारायण वामन टिळक तर आणखी पुढे गेले. 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा ठेवली. मी तितक्या पुढे जाणार नाही, बाप्तिस्मा मला मोलाचा वाटतो. पण कुंपण कुठवर घालायचं, ही त्यांची तळमळ मला समजते.

शेवटी मंडळीच्या कारभारात मत देणाऱ्यांची यादी वर्गणीच्या नियमानंच ठेवली, नियम सगळ्यांना सारखा. सभासदांच्या वहीतली त्या ड्रायव्हरच्या नावावरची रेघ मात्र रद्द झाली, आणि यापुढे घरी जाऊन आल्याशिवाय कुणाच्याही नावावर रेघ मारायची नाही असं ठरलं.

बाई उठल्या, तेव्हा त्याच वडिलांनी विचारलं, "गाडी परत कधी येती?"

"मंगळवारी रात्री."

"मग बुधवारी सकाळी येतो म्हणून सांगा. पास्टर, प्रभुभोजन घरी देता येतं न्हवं?"

"येतं की," मी म्हणालो.