कुठला तू, हे विचारायचं नाही

फोन बहुतेक दुपारी तीन-चारच्या सुमाराला येतो. ‘आज रात्री खोली मोकळी आहे का? एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. सगळं खातो, मांजराची भीती नाही, सिगरेट ओढतो पण बाहेर जाऊन ओढेन म्हणालाय.’ माहिती एवढीच. मी फ्रिज उघडून बघते, नवऱ्याला मेसेज टाकते आणि ‘पाठवा’ म्हणते. कधी ‘आज नाही जमणार’ असंही म्हणते. त्याचं कारण मला कुणी विचारत नाही.

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या पश्चिमेला पुडसीत राहतो. लेक शिकायला बाहेर पडली आणि तिची खोली रिकामी झाली. काही महिने तिथे फक्त इस्त्रीचं टेबल आणि भारतातून आणलेल्या बॅगा होत्या. मग ऑफिसातल्या एका बाईंनी नाईटस्टॉपबद्दल सांगितलं. सोळा ते पंचवीस वयाच्या, त्या रात्री डोकं टेकायला जागा नसलेल्या मुलामुलींना सामान्य माणसांनी आपल्या घरातली जादा खोली एका रात्रीपुरती द्यायची, अशी ही योजना. १९८७ साली ती लीड्समध्येच सुरू झाली. आज देशभरातल्या अशा घरांचं जाळं डीपॉल यूके ही संस्था सांभाळते. इतकी वर्षं याच शहरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

खोली देतो म्हटल्यावर लगेच कुणी मुलगा आणून सोडत नाही. आधी त्यांची माणसं घर बघून गेली. आमच्या दोघांच्या पोलिसी नोंदी तपासल्या, ओळखीच्या लोकांकडे चौकशी केली, मग प्रशिक्षण. येणाऱ्या मुलांचीही आधी नीट विचारपूस झालेली असते, कुणामुळे कुणाला धोका नाही ना एवढं बघूनच पाठवतात. संध्याकाळी यायचं, गरम जेवण, अंघोळ, कपडे धुऊन मिळणार, स्वच्छ अंथरूण. सकाळी नाश्ता करून, दुपारचा डबा घेऊन निघायचं आणि थेट आपल्या कार्यकर्त्याला भेटायचं. पैसे मिळत नाहीत, खाण्यापिण्याचा खर्च तेवढा मागितला तर देतात.

प्रशिक्षणातली बाकीची कलमं सोपी होती. एकच जड गेलं: विचारायचं नाही. काय झालं, घरी कोण असतं, कुठून आलास, काही नाही. त्याने होऊन सांगितलं तर ऐकायचं, खणायचं नाही.

आता मी मनमाडची. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की पाण्याच्या तांब्याबरोबर पहिला प्रश्न जातो, ‘कुठले तुम्ही?’ दुसऱ्या प्रश्नात आडनाव, तिसऱ्यात मामाचं गाव, आणि चहा येईपर्यंत कुठलं तरी नातं जुळलेलंच असतं. ही आपली माया आहे, हे मी आजही म्हणेन. पण ज्याने त्याच दिवशी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, खिडकीवर, कॉलेजात आणि संस्थेत तीनदा आपली सगळी कहाणी सांगितली आहे, त्याला चौथ्यांदा सांगायला लावणं म्हणजे माया नव्हे, एवढं मला पहिल्याच रात्री कळलं.

तो पहिला मुलगा दारात उभा राहिला तो बूट काढू की नको या विचारात. पाठीला शाळेच्या मुलांची असते तसली सॅक, हातात सुपरमार्केटची पिशवी आणि तिच्यात ओले कपडे. मी सरबराईसाठी पुलाव, कोशिंबीर, दोन भाज्या असा घाट घातला होता. त्याने आधी विचारलं ते चार्जरचं, मग वॉशिंग मशीनचं. जेवायला बसल्यावर भातावर केचप घेतला. जेवताना मला बोलायला काही सुचेना! हवामान संपलं, फुटबॉल मला कळत नाही. शेवटी टीव्हीवरची केक करण्याची स्पर्धा लावली आणि आम्ही तिघं जण एका बाईचा केक का फुगला नाही यावर तावातावाने बोललो. साडेनऊला तो झोपायला गेला. सकाळी खोलीत बघते तर चादरीची घडी अशी, जणू तिथे कुणी झोपलंच नव्हतं.

बाहेर पाऊस होता. नियमाप्रमाणे तो नऊला निघाला. ‘आजचा दिवस राहा की’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. तसं म्हणायचं नाही, हेही शिकवलेलं असतं. त्याची पुढची सोय लावणाऱ्या माणसाला तो हवा असतो आणि आपण दिलेला शब्द आपल्याला पाळता येईलच असं नाही. पटतं मला ते. तरी दार लावून घेताना वाईट वाटतं ते वाटतंच.

‘इंग्लंडमध्ये सरकार सगळ्यांना घर देतं ना?’ असं आईने फोनवर विचारलं. अर्धं खरं आहे. सोळा-सतरा वर्षांचं मूल बेघर झालं तर त्याची जबाबदारी काउन्सिलच्या बालकल्याण खात्याची. २००९ मध्ये लंडनच्या सदर्क भागातल्या एका मुलाच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे स्पष्टच करून टाकलं, तोवर अशा मुलांना गृहनिर्माण खात्याकडे टोलवलं जाई. पण अठरावा वाढदिवस झाला की पोर मोठं होतं. मग सरकारी निवाऱ्यात वाढलेले तरुण किंवा गरोदर मुली अशांना प्राधान्य मिळतं. अठरा-एकोणीसच्या धडधाकट मुलाला काउन्सिल सल्ला देतं, मदतीचा आराखडा बनवून देतं, त्या रात्रीचं छप्पर देईलच असं नाही. गंमत अशी की पैशांच्या हिशेबात तोच मुलगा परत लहान होतो. पंचवीसच्या आतल्यांना सरकारी भत्ता कमी, एकविसाच्या आतल्यांना किमान वेतनही कमी. आणि एकटा माणूस पस्तिशीच्या आत असेल तर खासगी घराच्या भाड्यासाठी मिळणारी मदत साधारण सामायिक घरातल्या एका खोलीपुरती. घरमालक मात्र वय बघून भाडं कमी करत नाही.

ही मुलं रस्त्यावर फारशी दिसतही नाहीत. शरद ऋतूत एका ठरावीक रात्री उघड्यावर झोपलेल्यांची सरकारी मोजदाद होते. पण आमच्याकडे आलेली पोरं आदल्या रात्री मित्राच्या सोफ्यावर, त्याआधी मैत्रिणीच्या बहिणीकडे आणि कुठेच जमलं नाही तेव्हा रात्रीच्या बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतात. मोजणार कसं?

मनमाड जंक्शन असल्याने घरातून पळालेली मुलं मी लहानपणी पुष्कळ पाहिली. दहा-बारा वर्षांची, मुंबईला निघालेली. आम्हाला सांगितलेलं असे, ‘त्यांच्याजवळ जायचं नाही.’ आज मुंबईच्या स्टेशनांवर अशा मुलांना गाठून घरी पोचवणारी समतोल फाउंडेशनसारखी संस्था आहे, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरही १९९६ साली मुंबईतूनच सुरू झाला. त्यामुळे ‘पळालेलं मूल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परतीचं तिकीट येतं. इथे तसं नेहमी होत नाही. घर सुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आईवडिलांनी किंवा नातेवाइकांनी ‘आता तुला ठेवू शकत नाही’ म्हणणं. सावत्र बापाशी पटत नाही, दोन खोल्यांत सहा माणसं, एखादं भांडण आणि त्या रात्री दाराला आतून कडी. पळालेला कसला, काढलेला म्हणा. कुणाकुणाला परत पाठवताही येतं, चार दिवसांनी दोन्हीकडचं डोकं थंड झाल्यावर. कुणाला पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ.

मागच्या हिवाळ्यात असाच फोन आला. को-ऑर्डिनेटर जरा चाचरत बोलत होती. एक मुलगी आहे, कुटुंब मूळचं आपल्याकडचंच, भारत की पाकिस्तान ते तिने सांगितलं नाही. मी म्हटलं, लगेच पाठव, वरण-भात टाकते. दहा मिनिटांनी परत फोन. ‘ती म्हणतेय, आमच्यातल्या माणसांकडे नको.’

मला लागलं, खोटं कशाला सांगू. मी काय तिच्या बापाला फोन केला असता? मग रात्री भांडी घासताना वाटलं, मी नसता केला, पण कुणीतरी केला असता. मंडळात कुणाला सहज सांगितलं असतं, त्यांची कुणीतरी मैत्रीण, तिचा दीर टॅक्सी चालवणारा. ज्या ‘कुठले तुम्ही’वर आपण नाती जुळवतो, त्याच दोरीने अशी मुलगी शोधून काढता येते. जसविंदर संघेरा डर्बीतल्या. मनाविरुद्ध ठरवलेल्या लग्नातून सुटायला त्या कोवळ्या वयात घरातून पळाल्या आणि घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं. त्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली कर्म निर्वाण ही संस्था अशा मुलींसाठी हेल्पलाइन चालवते. बळजबरीचं लग्न लावणं इथे २०१४ पासून गुन्हा आहे. कायदा आहे, तरी त्या रात्री त्या मुलीला गोऱ्या माणसाचं घर जास्त सुरक्षित वाटलं. तिचा हिशेब बरोबर होता.

गणपतीत मंडळातल्या काकूंनी विचारलं, ‘अगं, दागिने कुठे ठेवतेस मग?’ लॉकरमध्ये, पूर्वीही तिथेच होते. आजवर घरातून नाहीसं झालेलं एकच: लिंबाच्या लोणच्याची अर्धी बरणी. ब्रॅडफर्डच्या एका पोराने टोस्टवर लावून संपवली.

मागच्या आठवड्यात एक मुलगा आला होता. बोलका. जेवताना भिंतीवरचा नाशिकच्या घाटाचा फोटो बघत त्यानेच मला विचारलं, ‘तू कुठली?’ कुणीतरी विचारलं याचाच मला एवढा आनंद झाला की मनमाड, पंचवटी एक्स्प्रेस, नळाला एक दिवसाआड सोडा, दोन-दोन आठवड्यांनी येणारं पाणी, सगळं सांगून झालं. त्याने शांतपणे ऐकलं.

‘मग घर का सोडलंस?’

नोकरी, म्हटलं मी. मग म्हटलं, नवऱ्याची नोकरी. मग थोडा वेळ काहीच बोलले नाही.

तो ‘बरं’ म्हणाला, आणि भाताचं भांडं पुढे ओढलं.