नेपाळ की भूतान : बेनी-घासा रस्त्यावरून आल्यानंतर

सोबत साठी ओलांडलेली माणसे असतील आणि हाताशी आठच दिवस असतील, तर भूतानला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरहून दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही सहली केल्या आणि दुसरी, म्हणजे नेपाळची निवड चुकली, म्हणून हे लिहीत आहे.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, तर भूतानमध्ये प्रौढ भारतीयाला दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चौघांचे पाच रात्रींचे 24,000 वाचतील, असा हिशेब तुकोगंजातल्या घरी बसून करून आम्ही सप्टेंबरात नेपाळमधल्या मुक्तिनाथ या तीर्थक्षेत्राला निघालो. पाऊस सरला आहे आणि रस्ता पक्का झाला आहे, असे सहल ठरवून देणाऱ्याने ठामपणे सांगितले होते. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

पोखऱ्यातील दोन दिवस सुखाचे गेले. बेनी सोडल्यावर मात्र काली गंडकीच्या दरीत शिरलेला रस्ता घासापर्यंत अक्षरशः अंगावर येतो : एका बाजूला ठिसूळ कडा, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे चाकांपुरता चिखल. तातोपानीच्या पुढे दरड कोसळल्यामुळे जीप तीन तास उभी होती. सासूबाईंनी पुढच्या सीटची दांडी इतकी घट्ट धरली होती, की मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमला उतरल्यावर त्यांच्या तळहातावर तिचा लाल वळ उमटलेला होता.

परतीच्या जीपचे बारा हजार ठरले. आम्ही ते नेपाळी, म्हणजे आपले 7,500 रुपये धरले. पोखऱ्याला पोहोचल्यावर चालक भारतीय बारा हजार मागू लागला. तासभराच्या वादानंतर दहा हजार द्यावे लागले. तिकडे भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात, आणि 100 आयसीचे 160 एनसी होतात. भूतानमध्ये तिथले चलन ङुल्ट्रम आणि रुपया एकास एक असल्यामुळे हा घोळ होतच नाही.

भूतानमध्ये सीमेवरच्या फुंत्शोलिंग ते थिंफू हा घाटरस्ता वळणांचा असला तरी डांबरी आहे. पारोचा ताक्त्सांग मठ 3,120 मीटरवर असून घोडा अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच नेतो. पुढच्या पायऱ्या पायीच चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथेच बसावे, समोर कड्यावरचा मठ दिसतो.

तरीही मुक्तिनाथाचे 108 धारांचे स्नान ज्यांना करायचेच आहे, त्यांनी जावे. सुमारे 3,700 मीटरवरच्या त्या बर्फगार पाण्याखालून सासूबाई हात जोडून चालत गेल्या, तेव्हा आमचे सगळ्यांचे डोळे भरून आले. मात्र ऑक्टोबर लागल्यावर जावे आणि पोखरा-जोमसोम विमानानेच जावे. दरीत दुपारी जोराचा वारा सुटत असल्याने विमाने सकाळीच उडतात, म्हणून एक दिवस हाताशी राखावा आणि वर चढण्यापूर्वी एक रात्र जोमसोमला काढावी. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. जीप ठरवताना रक्कम आयसी की एनसी, हे चालकाकडूनच कागदावर लिहून घ्यावे.