फक्कीने आखलेला प्लॅन

आमच्या नाशिकच्या सिडकोत आर्किटेक्टचं तसं काही काम नसतं. घर वाढवायचं तर एक मिस्तरी आणि आपली अक्कल, झालं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सिडको या सरकारी कंपनीने सहा योजना मिळून पंचवीसेक हजार घरं बांधली, छोटी छोटी, आणि मग लोकांनी मागे किचन ओढलं, पुढे ओटा काढला, वर पत्रे टाकले, पत्र्यांचा स्लॅब झाला आणि स्लॅबवर भाडेकरू आला. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हेच ठरवून केलं होतं, जोतं आणि संडास-मोरी बांधून द्यायची, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्याला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. आमच्याकडे न विचारता झालं म्हणून त्याला अतिक्रमण म्हणतात, असो.

तर गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता, निम्मा गाजर गवत आणि निम्म्यात गाड्या, तिथे अभ्यासिका आणि बसायला जागा करायची ठरली. थोडे पैसे अंबडच्या एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून, थोडी मंडळाची वर्गणी. डिझाइनसाठी गंगापूर रोडवरची एक छोटी फर्म येणार कळल्यावर शेजारच्या काकांनी पहिलं विचारलं, "फी किती?" फी जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे काकांचा संशय अजूनच वाढला.

मला वाटलेलं आता एक थ्रीडी व्ह्यू येणार, हिरवीगार लॉन, त्यावर कुत्रं घेऊन फिरणारी गोरी माणसं. तसं काहीच आलं नाही. फर्ममधली दोन पोरं आणि एक मुलगी वेगवेगळ्या वेळी येऊन नुसती बसून जायची, सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला, भर दुपारी, रात्री सेकंड शिफ्टवाले घरी येतात तेव्हा. गल्लीत चर्चा सुरू, की हे काम करतात कधी? आणि मग एका रविवारी फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची गोणी घेऊन आले आणि अख्खा प्लॅन जमिनीवर खऱ्या मापात आखला. भिंत इथे, दार इथे, कट्टा इथपर्यंत, झाड या गोलात. बांधकामाच्या आधी मिस्तरी लाइनआउट देतो तेच, फरक एवढाच की इथे काहीच फायनल नव्हतं आणि पुसायला पायच पुरत होता.

कागदावरच्या प्लॅनला आमच्या गल्लीत कधीच कोणी विरोध करत नाही, कारण तो कोणाला कळतच नाही, सगळे मान डोलावतात आणि स्लॅब पडल्यावर भांडतात. फक्कीवर मात्र दहा मिनिटांत भांडण सुरू झालं. पाटील काकू झाडाच्या गोलात जाऊन उभ्या राहिल्या, "अगं पोरी, इथे झाड लावलंस तर माझ्या कुरडया वाळायच्या कुठे?" ती म्हणाली, "काकू, मग ऊन कुठलं हवंय ते तुम्हीच दाखवा." काकूंनी दाखवलं. झाड सरकलं.

कट्ट्यावरून जास्त वाजलं. म्हाताऱ्यांना कट्टा पाहिजे, पोरींच्या आयांना नको, कारण कट्टा म्हटला की टवाळ पोरं बसणार आणि अभ्यासिकेत पोरी यायच्याच बंद होणार, आणि खरं सांगायचं तर आयांचंच बरोबर होतं. शेवटी कट्टा रस्त्याच्या बाजूला स्ट्रीटलाइटखाली नेला आणि अभ्यासिकेचं दार आतल्या बोळात उघडलं. दिसायला विचित्र आहे, पाठ फिरवल्यासारखं, पण पोरी येतात.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र दिसतच नाही. दरवर्षी गणपतीत मंडळवाले मांडवासाठी फरशी फोडायचे, मग वर्षभर खड्डे. यांनी मांडवाचं माप घेतलं आणि खांबांच्या जागी पाइपचे तुकडे आधीच गाडून ठेवले, वर झाकणं. गणपतीत झाकणं काढायची, बांबू उभे करायचे, नंतर परत बंद, वरून गाड्या लावा. हे बघून मला रहाडी आठवल्या. जुन्या नाशकात तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथे भर रस्त्याखाली पेशवेकालीन दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवलेले, वरून रिक्षा जातात, रंगपंचमी आली की उकरून उघडायचे, पूजा करायची, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि मग धप्पा, म्हणजे रंगाच्या पाण्यात धपकन उडी! एकच जागा वर्षभर रस्ता आणि सणाला हौद. दाटीवाटीच्या गावात सणासाठी वेगळं ग्राऊंड मिळत नाही हे तेव्हाच्या लोकांना बरोबर कळलेलं, आणि हल्लीच्या प्लॅनमध्ये सणाचा दिवसच कोणी धरत नाही.

सगळंच भारी झालंय असं नाही हं. अभ्यासिकेला विटांची जाळी केली, उन्हाळ्यात हवा मस्त खेळते, पण पहिल्याच पावसात तिरकी झड आत आली आणि कडेच्या बाकावरची पुस्तकं ओली. आम्ही फोन केला, ते आले, छज्जा वाढवून दिला. जाळीत धूळ आणि कबुतरं हा प्रश्न मात्र तसाच आहे, हे त्यांना आधी सुचायला हवं होतं, अंबड एवढं जवळ असताना.

वीट वापरून काय काय होतं ते बघायचं तर कोपरगावच्या शाळेतली माया सोमैया लायब्ररी बघून या, आर्किटेक्ट समीप पडोरांच्या ऑफिसचं २०१८ चं काम, विटांचं पातळ लाटेसारखं छत, पोरं त्यावरून चालत वर जातात. आमच्या अभ्यासिकेचा असा फोटो कधी येणार नाही, समोर कायम स्कूटींची रांग असते. स्कूटींना जागा पाहिजे हेही फक्कीवरच ठरलेलं, सगळ्यात मोठ्या आवाजात.

मागच्या गल्लीवाल्यांनी आता त्याच फर्मला बोलावलंय. जाळी धुवायचं काम आमच्याकडे मंडळाच्या पोरांवर आलंय. गणपतीच्या आधी एकदा धुतली, दिवाळीला परत धुणार म्हणतात, बघू.