आठ आयातदार, एक कंटेनर आणि जनरल ॲव्हरेज

सुएझ कालव्यात अडकलेली ‘एव्हर गिव्हन’ ही मालवाहू बोट २९ मार्च २०२१ ला वाळूतून सुटली आणि आम्ही फॉरवर्डिंगवाल्यांनी, म्हणजे इतरांच्या मालाची वाहतूक जमवून देणाऱ्यांनी, हुश्श केलं. १ एप्रिलला जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात मालवाल्यांनीही वाटा द्यायचा. जहाजावरच्या सुमारे १८,३०० कंटेनरपैकी एक आमच्या टेबलावरचा होता, तोही एलसीएल, म्हणजे आठ आयातदारांचा सुटा माल एकत्र भरलेला. बातमी पसरताच फोन सुरू झाले. सगळ्यांचा सवाल एकच: “जहाज त्यांचं अडकलं, माझ्या मालाला ओरखडाही नाही, मग पैसे मी का भरू?”

सवाल रास्त आहे, पण समुद्राचा कायदा वेगळा चालतो. जहाज आणि माल दोन्ही धोक्यात असताना दोन्ही वाचवण्यासाठी जाणूनबुजून जादा खर्च केला, तर तो वाचलेल्या सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. वादळात जहाज हलकं करायला एकाचा माल पाण्यात टाकला तर भरपाई सगळ्यांनी द्यायची, हे तत्त्व रोमन कायद्यातही आहे. आता ते यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतं आणि त्याचं कलम बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीने मालासाठी दिलेल्या पावतीच्या, मागच्या बारीक छपाईत असतं. ती बाजू सहसा कोणी वाचत नाही.

अंतिम हिशेबाला वर्षं लागतात, आणि तोवर हमीशिवाय माल सुटत नाही. हिशेब करणारा ॲडजस्टर आधी हमीची टक्केवारी ठरवतो. समजा माल ४०,००० डॉलरचा आहे आणि टक्केवारी १० ठरली, तर हमी ४,००० डॉलरची. प्रत्येक आयातदाराकडून ॲव्हरेज बाँड (वाटा भरण्याचं लेखी वचन), कमर्शियल इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत लागते. विमा असेल तर विमा कंपनी गॅरंटीवर सही करते आणि आयातदाराच्या खिशाला हात लागत नाही. विमा नसेल तर रोख अनामत.

ऐकायला सोपं आहे. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. बाँडवरचं नाव बिल ऑफ लेडिंगवरच्या कन्साइनीशी, म्हणजे माल घेणाऱ्याशी, जुळत नाही. बिल बँकेच्या ‘ऑर्डर’वर, म्हणजे बँक सांगेल त्याला माल द्यायचा असं, असतं, मग आधी बँकेचं एंडॉर्समेंट, म्हणजे मागे सही. पॉलिसी विकणाऱ्याच्या नावावर असते आणि ती कोणी पुढे वर्ग केलेली नसते. विमा मालाच्या किमतीच्या साठ टक्क्यांचाच काढला असेल, तर विमा कंपनी वाटाही साधारण त्याच प्रमाणात उचलते. उरलेल्याचं काय, हा प्रश्न मालवाल्याचा.

आमच्या आठांपैकी ज्यांनी सीआयएफवर, म्हणजे किमतीत विमा आणि भाडं धरलेल्या सौद्यावर, माल घेतला होता ते निवांत होते. सीआयएफमध्ये विमा विकणारा काढतो, बहुतेकदा किमान संरक्षणाचा, म्हणजे क्लॉज ‘सी’. पण जनरल ॲव्हरेज त्यातही येतं. गोम होती सीएफआर या दुसऱ्या प्रकारच्या सौद्यात. तिथे विकणारा भाडं भरतो, विमा काढत नाही. इन्व्हॉइसवर ‘फ्रेट प्रीपेड’ (भाडं आधीच भरलं) वाचून एका आयातदाराने त्यात विम्यासकट सगळं आलं असं धरलं होतं. भाड्यासाठी शंभर डॉलरची घासाघीस करणारे लोक विम्याचा रकाना मोकळा सोडतात, हे या धंद्यात रोजचं आहे.

त्या बिनविम्याच्या आयातदाराची अनामत येईपर्यंत बाकीच्या सात जणांचे कागद तयार असून काही उपयोग नव्हता. एलसीएलमध्ये प्रत्येक भागीदाराची हमी लागते. एकाची राहिली तरी कंटेनर सुटत नाही. बिनविम्याच्या एका ओळीने सात परके व्यवहार अडवून धरले.

शिवाय कोणाला गाठायचं हेही सरळ नव्हतं. मालकी जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन, खलाशी भारतीय, कालवा इजिप्तचा. सामान्य आयातदाराच्या दृष्टीने ‘जहाजवाले’ म्हणून एकच कोणीतरी असतं. प्रत्यक्षात पत्रावर पत्त्यांची रांग असते आणि तुमच्या बाँडशी संबंध त्यातल्या एकाचाच, ॲडजस्टरचा.

फोनवर जहाजाचा ठिपका सगळ्यांना दिसत होता. २३ मार्चला, जहाज अडकलं त्या दिवशी, एआयएसच्या (जहाजाची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेच्या) नकाशात वेग शून्य झाला, तरी आमच्या ट्रॅकिंगच्या पानावर पोचण्याची जुनी तारीख तशीच होती, कारण ती वेळापत्रकावरून येते, जहाजावरून नाही. तेव्हापासून दोन्ही शेजारी उघडून ठेवायची सवय लागली. या ठिपक्यावर भरवसा ठेवून साठा दोन-तीन आठवड्यांवर आणलेल्यांना सर्वांत जास्त झळ बसली. पुढे कालव्याच्या प्राधिकरणाने भरपाईचा दावा लावला आणि जहाज ७ जुलैपर्यंत कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेकमध्येच अडकून राहिलं. हंगामी माल असलेल्याने विचारलं, उशिराची भरपाई? सर्वांत व्यापक क्लॉज ‘ए’ असो वा किमान ‘सी’, उशीर हा अपवादात मोडतो. एक पैसाही नाही.

आता एलसीएलचं बुकिंग घेताना मी इन्कोटर्म, म्हणजे सौदा सीआयएफ की सीएफआर असा कोणत्या अटीचा, ते विचारतो आणि सीएफआर किंवा एफओबी (यातही विकणारा विमा काढत नाही) असेल तर कंटेनर भरायच्या आधी पॉलिसीची प्रत मागतो. अनामत भरलेल्यांना एकच सांगणं असतं: ॲडजस्टरने दिलेली मूळ पावती जपा. पैसे वेगळ्या खात्यात राहतात, हिशेबात वाटा कमी निघाला तर उरलेली रक्कम परत मिळते, पण ती वर्षांनी, आणि तेव्हा मूळ पावतीच मागतात.